काकवी, काळी बिअर आणि आबा

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी मोदकांपासून मॉर्गेजपर्यंत सगळ्या विषयांवर लेख येतात, पण बिअरवर आलेला लेख निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. संपादकांना फोनवर विषय सांगितला तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग म्हणाले, "बघा हं, फॅमिली अंक आहे." विषय फॅमिलीचाच आहे असं आश्वासन मी त्यांना दिलं आहे. ते कितपत खरं, हे वाचकांनीच ठरवावं.

आमचं फेल्डहोवन जगाला ठाऊक आहे ते चिप बनवणाऱ्या यंत्रांमुळे. १९८४ साली सुरू झालेली एएसएमएल इथली, आणि आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल या ना त्या मार्गाने तिच्यावरच पेटते. पण मंडळी, एखाद्या कोरड्या रविवारी (असे रविवार इथे मोजकेच!) सायकल काढून दक्षिणेकडे निघा. वालरे मागे टाका, फाल्केन्सवार्ड मागे टाका. मग पाइनचं जंगल, जांभळ्या हेदरचे माळ आणि तोंगेलरेप नावाचा एक छोटासा ओढा लागतो. सव्वा-दीड तासात तुम्ही एका जुन्या विटांच्या मठापाशी पोचता. त्याचं नाव आखेलसे क्लॉइस. 'क्लॉइस' म्हणजे एकांतवासातल्या साधूची कुटी. हा मठ बरोबर सीमेवर आहे. इमारती बेल्जियममध्ये, तर काही जमीन हॉलंडमध्ये. ओढासुद्धा बेल्जियममध्ये वार्मबेक असतो आणि इकडे आला की तोंगेलरेप होतो. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना यात नवल वाटायचं कारण नाही. सगळा ब्राबांत एकच होता. १६४८ च्या तहाने त्याचे दोन तुकडे झाले. बोली मात्र अजून दोन्हीकडे बरीचशी एकच आहे.

या जागी १६८६ पासून साधू राहत होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ती वस्ती मोडली. १८४६ मध्ये वेस्टमाले मठातून ट्रापिस्ट संन्यासी आले आणि १८५२ च्या सुमारास त्यांनी इथे बिअर काढायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य आलं, संन्यासी निघून गेले, आणि १९१७ मध्ये जर्मनांनी ब्रुअरीतली तांब्याची भांडी उचकटून नेली. तांबं युद्धाला हवं होतं. त्याच काळात या सीमेवर दोन हजार व्होल्टची विजेची तार होती, तीनशे किलोमीटरहून लांब. बेल्जियममधून हॉलंडमध्ये पळून येऊ पाहणारी कितीतरी माणसं तिला चिकटून मेली. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षांनी, १९९८ मध्ये, इथे पुन्हा बिअर सुरू झाली.

आता कुणी विचारेल, संन्यासी आणि बिअर? मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. आपल्याकडे मठ म्हटलं की भस्म, तुळस आणि ताक. पण हे लोक सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमाने चालतात. स्वतःच्या हाताने कष्ट करून पोट भरेल तोच खरा संन्यासी, असा त्याचा दंडक. आपल्या वारकरी परंपरेलाही तो परका वाटू नये. दारूच्या बाबतीत बेनेडिक्ट मोठा व्यवहारी माणूस. संन्याशाने पिऊच नये हे खरं, पण ते हल्ली कुणाला पटत नाही, तेव्हा निदान थोडकी घ्या, अशा अर्थाचं लिहून त्याने दिवसाला साधारण पाव लिटर वाइनची मुभा दिली. सहाव्या शतकातही 'हल्ली' होतंच म्हणायचं! जिथे द्राक्षं पिकत नाहीत त्या उत्तरेकडच्या मठांत वाइनच्या जागी बिअर आली.

'ट्रापिस्ट' हे नाव कुणीही लावू नये म्हणून १९९७ मध्ये आठ मठांनी मिळून संघटना काढली आणि षटकोनी शिक्का ठरवला. अटी तीन. बिअर मठाच्या आवारात किंवा लगत व्हावी, संन्याशांच्या देखरेखीखाली व्हावी, आणि पैसा मठाच्या गरजा व दानधर्म यांसाठी जावा. २०२१ मध्ये आखेलला उरलेसुरले संन्यासी गेले आणि शिक्काही गेला. २०२३ मध्ये मठ एका उद्योजकाला विकला गेला. आखेल नावाची बिअर अजून निघते, पण बाटलीवर षटकोन नाही. दुसरा मठ आमच्या वायव्येला, टिलबर्गजवळ बेर्केल-एन्सखोटला आहे, कोनिंग्सहूवन. १८८१ मध्ये फ्रान्समधल्या धर्मविरोधी कायद्यांना भिऊन तिथले संन्यासी इकडे आले, आधी मेंढ्यांच्या गोठ्यात राहिले आणि १८८४ मध्ये मठ बांधायच्या पैशासाठी ब्रुअरी काढली. त्यांची ला ट्राप. यांचाही शिक्का १९९९ मध्ये एका मोठ्या बिअर कंपनीशी केलेल्या करारामुळे गेला होता. तो २००५ मध्ये परत मिळाला.

या ला ट्रापनेच १९९१ मध्ये 'क्वाड्रुपेल' नावाची बिअर काढली. डबल, ट्रिपल आधीपासून होत्या, हिची ताकद चौपदरी. खरं तर चारपट वगैरे काही नाही, नुसती चढती भाजणी आहे. पण दहा टक्के अल्कोहोल म्हणजे थट्टा नव्हे. बेल्जियमच्या जोरकस काळ्या बिअरचं जे घराणं आहे, त्यातली ही डच मुलुखात जन्मलेली लेक.

मी पहिल्यांदा ती घेतली २००३ मध्ये. आइंडहोवनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्स करत होतो आणि प्रोजेक्टमधला एक डच मित्र मला परीक्षा संपल्यावर स्ट्राटुम्सआइंदवर घेऊन गेला. ही अख्खी गल्लीच पबची आहे. बाकीचे सगळे पिल्स पीत होते, म्हणजे ती नेहमीची पिवळी, पाण्यासारखी घटाघट जाणारी. त्याने माझ्यासमोर एक रुंद तोंडाचा, समईसारख्या बैठकीचा पेला ठेवला आणि बजावलं, "ही तहान भागवायला नाही."

नाही म्हणजे नाहीच. आधी सगळं साग्रसंगीत करायचं. फ्रिजमधून काढून अर्धा तास तशीच ठेवायची. गार असली की मुकी असते. पेला तिरका धरून सावकाश ओतायची आणि बाटलीच्या तळाशी दोन बोटं शिल्लक ठेवायची, कारण तळाला यीस्टचा गाळ असतो. बाटलीत भरताना पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालतात, मग ती बूच लावलेल्या बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते आणि तिचा फेस तिथेच तयार होतो. रंग तांबूस-तपकिरी, उजेडात धरला तर कडेला माणकासारखा. वर साय धरल्यासारखा फेस. मग वास. खारीक, काळ्या मनुका, किंचित जास्त पिकलेलं केळं, मागून लवंग. यात ना केळं असतं ना लवंग. हे दोन्ही वास यीस्ट तयार करतं. पिल्स थंडीत, दहाएक अंशांवर सावकाश आंबवतात. ही वीस अंशांच्या वर, आणि त्या उबेत यीस्ट असल्या सुगंधांची उधळण करतं. घोट घेतला की आधी गोड वाटतं, मग जळत्या साखरेचा कडवटपणा येतो आणि गिळल्यावर छातीत ऊब उतरते.

पण मला त्या संध्याकाळी यातलं काहीच ओळखता आलं नव्हतं. नाकाशी पेला नेला आणि एकदम आठवलं ते गुऱ्हाळ! कऱ्हाडजवळच्या आमच्या गावाबाहेरचं चुलवाण, काहिलीतून उठणारी वाफ आणि द्रोणातली गरम काकवी.

या साम्याला शास्त्रीय आधार आहे, बरं का. आयरिश स्टाउटचा काळा रंग करपवलेल्या सातूचा. पण बेल्जियन पद्धतीच्या काळ्या बिअरमध्ये बहुतेक ठिकाणी रंग आणि बरीचशी चव येते ती 'कांदी' साखरेच्या पाकातून. साखरेचा पाक काळसर होईतो आटवायचा आणि उकळत्या रसात घालायचा. साखर आटवून काळी करणं, म्हणजे आपली काकवीच की! त्या साखरेचं जवळजवळ सगळं अल्कोहोल होतं, त्यामुळे बिअर जोरकस होते, पण जड होत नाही. हेच तिचं कौशल्य आणि हाच तिचा धोका.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, हा गृहस्थ बिअरची जाहिरात करतोय. तसं नाही. त्याच गुऱ्हाळाशी आमच्या घरातली एक गोष्ट जोडलेली आहे, आणि ती आमच्याकडे कुणी बोलत नसे.

माझे धाकटे काका गुळव्या होते. आताच्या मुलांना शब्द सांगायला हवा. गुऱ्हाळात ऊस गाळायला, चिपाडं वाळवायला, जाळ घालायला दहा माणसं असतात, पण काहिलीपाशी उभा राहून 'उतरा' म्हणणारा एकच. तो गुळव्या. भेंडीचा चिकट रस घालून मळी कधी काढायची, जाळ कधी मंद करायचा, पाक काकवीवरून गुळावर कधी आला, हे थर्मामीटरशिवाय सांगणारा. थोडा पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बघायचं, अंगठा आणि तर्जनीत धरून तार बघायची. पाच मिनिटं इकडेतिकडे झाली की अख्खी काहील वाया. काकांची काहील वाया गेलेली कुणाला आठवत नाही.

मग गावचा ऊस कारखान्याला जाऊ लागला. गुऱ्हाळं एकेक करून विझली. कारखान्यात गुळव्याला काय काम? काका रिकामे झाले आणि ओढ्यापलीकडे जायला लागले. तिथे हातभट्टी होती. काळा गूळ, नवसागर आणि पाणी पिंपात घालून आंबवतात, त्याला पोलिसांच्या आणि वर्तमानपत्रांच्या भाषेत 'रसायन' म्हणतात. तेच पुढे भट्टीवर चढवायचं. ज्या माणसाने आयुष्यभर गूळ घडवला, तो गुळाच्याच दारूने १९८८ मध्ये गेला. छत्तीस वर्षांचे होते. मी नऊ वर्षांचा होतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेराव्यानंतर काकांचे फोटो ट्रंकेत टाकले आणि या घरात बाटली येणार नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून काकांचं नावही निघालं नाही.

कायद्याने काय होतं नि काय होत नाही, हाही मोठा विषय आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, तो महाराष्ट्रात अजून लागू आहे; दारू प्यायला आजही परवाना लागतो, हे कितीजणांना ठाऊक असेल? बंदीच्या कडक वर्षांत हातभट्ट्या फोफावल्या. बेल्जियममध्ये १९१९ साली एमिल व्हान्डरव्हेल्ड या समाजवादी मंत्र्याने, कामगारांचे संसार वाचावेत म्हणून, पबमध्ये जिनसारखी कडक दारू विकायला बंदी घातली. ती थेट १९८३ पर्यंत होती. तिथल्या लोकांनी काय केलं? बिअरच जोरकस केली. बेल्जियमच्या या काळ्या बिअरांचा जोर वाढण्यामागे तो कायदाही एक कारण मानतात. एकाच हेतूचे दोन कायदे. एका गावात त्याची क्वाड्रुपेलची वाट झाली, दुसऱ्या गावात पिंपातल्या रसायनाची. फरक कायद्यात कमी आणि गरिबीत जास्त असावा, असं माझं आपलं मत. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. त्यांत क्वाड्रुपेल परवडणारं कुणी नव्हतं.

तर आबा. आयुष्यभर हायस्कूलला विज्ञान शिकवलं, आता अठ्ठ्याहत्तरीला आलेत. मी अधूनमधून एखादी बाटली घेतो हे त्यांना माहीत आहे. कधी विचारलं नाही, कधी रागावलेही नाहीत. पण ते इथे आले की टेबलावर बाटली ठेवायची नाही, हा माझ्या बायकोचा शिरस्ता आणि तो मला मान्य आहे. २०२४ च्या जूनमध्ये ते दोन महिने राहायला आले होते. एका शनिवारी त्यांना आणि मुलाला घेऊन गाडीने आखेलसे क्लॉइसला गेलो. आबा सीमेवरून हिंडले, एक पाय हॉलंडमध्ये आणि एक बेल्जियममध्ये ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला. विजेच्या तारेची हकीकत ऐकल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि आता इथं नातू आइस्क्रीम खातोय."

घरी आल्यावर जेवणं झाली. आबांनीच विषय काढला. "ते संन्यासी काढतात ती बाटली आहे का तुझ्याकडे? बघू तरी."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी खोलीतून क्वाड्रुपेल आणली, पेला आणला. सतरा वर्षांचा मुलगा फोन खाली ठेवून बघायला लागला, हेही नवलच! मी सावकाश ओतली. आबांनी चष्मा वर करून आधी लेबल वाचलं, टक्केवारी वाचली. मग पेला दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"ही तर काहील आहे," म्हणाले.

मी काही बोललो नाही. त्यांनी तर्जनीचं टोक पेल्यात बुडवलं, अंगठा लावून दोन बोटं हळूच फाकवली आणि दिव्यापुढे धरली. मला ती बोटं ओळखीची वाटली. काका अगदी तसंच बघायचे.

"तार नाही," आबा म्हणाले. "साखर सगळी यीस्टनं खाल्ली. एका ग्लुकोजचे दोन अल्कोहोल, दोन कार्बन डायऑक्साइड. नववीला शिकवायचो." रुमालाला बोटं पुसली. जिभेला काही लावलं नाही. आणि मग, आयुष्यात कधी नव्हे ते, काकांबद्दल बोलायला लागले. शाळेतली प्रमाण भाषा बघता बघता गेली आणि गावची आली. "लई तरबेज व्हता रं तो. म्या थर्मामीटर घिऊन गेलो हुतो एकदा शाळेचा. त्यो म्हणला, दादा, तू आकडा सांग, म्या डोळं मिटून सांगतो. एकशे अठरावर काटा आला न् त्यो म्हणला, उतरा." थोडं थांबून म्हणाले, "त्याला कुणी इचारलंच न्हाई, की गुऱ्हाळ गेल्यावर तू काय करणार. म्याबी न्हाई."

बायको उठून पाणी घेऊन आली. पेला तसाच होता. फेस बसून गेला होता. मी तो प्यायलो नाही त्या रात्री. कुणी मना केलं नव्हतं, पण प्यायलो नाही.

मुलाने मात्र नंतर मला गाठलंच. इथे २०१४ पासून वयाची अट सोळाची अठरा झाली आहे, आणि त्याच्या अठराव्या वाढदिवसाला सात महिने होते. मित्रांच्या पार्ट्या सुरू झाल्या आहेत, हे मला माहीत आहे. "बाबा, मी अठराचा झालो की चालेल?" इथे वाढलेल्या मुलाला नुसतं 'आपल्यात चालत नाही' म्हणून भागत नाही, आणि ते मी कोणत्या तोंडाने म्हणणार? मी कागद घेतला. तेहतीस सेंटिलिटर, दहा टक्के, म्हणजे तेहतीस मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे सव्वीस ग्रॅम. डच हिशेबाने एक ग्लास म्हणजे दहा ग्रॅम. तेव्हा ही एक बाटली म्हणजे अडीच ग्लासांहून जास्त. इथल्या आरोग्य परिषदेने २०१५ मध्ये सांगितलंय की घेऊच नका, आणि घेतलीच तर दिवसाला एका ग्लासाच्या वर नको. गाडीला ०.५ प्रति हजारची मर्यादा आहे आणि सायकललाही तीच. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आजोबांच्या भावाला हे माहीत होतं का?"

त्याच्यापाशी अशी बाटलीच नव्हती रे, मी म्हटलं. ज्यावर आकडा छापलेला असतो अशी. मग त्याला हातभट्टी म्हणजे काय ते सांगितलं. पिंप सांगितलं, ओढा सांगितला, १९८८ सांगितलं. वाढदिवसाचं काय ते अजून ठरलेलं नाही. तो म्हणाला, बघू, आणि मीही म्हटलं, बघू. आमच्या ह्या 'बघू'वर बायको नाराज आहे. तिचं म्हणणं, एकदा काय ते स्पष्ट सांगून टाका. ती चुकीचं म्हणत नसेल.

आबा ऑगस्टमध्ये परत गेले. गणपतीच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा एक फोटो आला, फोटोचाच काढलेला फोटो, कडेला ट्रंकेतल्या कसरीने खाल्लेला. काहिलीपुढे एक तरुण उभा आहे, डोक्याला मुंडासं, वाफेमुळे चेहरा अर्धाच दिसतो. खाली आबांनी फक्त "१९७९, पौष" एवढं लिहिलं होतं. मुलाने तो मोठा करून बघितला आणि विचारलं, हातात काय आहे त्यांच्या? झारा, मी म्हटलं. मळी काढायचा झारा.